सध्या मंडळ

सध्या कोणत्या तबकड्या ऐकताय, असं तुम्ही सहज विचारलंत. उत्तराला थोडा वेळ लागेल. दिवा जरा अलीकडे घ्या, आणि चहा गार होऊ देऊ नका.

गोष्ट सुरू होते ती अगदी साध्या कामापासून. पंचावन्न सालच्या मार्गशीर्षात, एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी गिरगावातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात गेलो. तिथे दौलत कामाला होता. फणसवाडीत आमच्याच चाळीत तिसऱ्या मजल्यावर तो एकटा राहायचा. माझा ग्रामोफोन कुणाला हवा असेल तर बघ, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

दौलत एक तबकडी पुसत होता. त्याचा हात थांबला.

"का हो मास्तर? आत्ता कुठे परत लावायला लागलात."

"कोण, मी?"

"काल दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा जिन्यात उभा राहून ऐकलं की. बरं वाटलं. म्हटलं, मास्तर सावरले."

काल दुपारी मी सातवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होतो. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. पण दुकानात गिऱ्हाईकं होती, वाद घालावासा वाटला नाही. "बघू नंतर," म्हणून मी निघालो.

आता हे कळायला तुम्हाला आमचं मंडळ माहीत हवं.

माझी पत्नी पद्मजा. घरात ग्रामोफोन आला तो तिच्या हट्टाने, आणि त्याभोवती माणसं जमली तीही तिच्यामुळेच. दर रविवारी तीन वाजता आमच्या खोलीत बैठक व्हायची. नियम तिने केलेले. प्रत्येकाने एकच तबकडी आणायची. ती आपल्या आवडीची असून भागायचं नाही, त्या आठवड्यात आपण खरोखर ऐकत असलेली हवी. "लहानपणी ऐकलेलं सांगू नका," ती म्हणायची, "सध्या काय ऐकताय ते बोला." म्हणून नावच पडलं, सध्या मंडळ. तबकडी फडक्यात गुंडाळून आणायची आणि सुई टेकेपर्यंत कोणती ते कुणालाही सांगायचं नाही, घरच्या माणसालासुद्धा नाही. हा शेवटचा नियम तिला सगळ्यात प्रिय होता. एकाच खोलीत राहून, दर रविवारी तिचं फडकं उघडलं की मी चकित व्हायचो. मी शाळेत असताना दुपारभर ही बाई काय ऐकते, ते मला आठवड्यातून एकदाच कळायचं.

मंडळात आम्ही पाचसहाजण. शेजारच्या खोलीतल्या कौसल्याबाई आणि छापखान्यात जुळारी असलेले त्यांचे यजमान रामदास. दौलत, ज्याच्या खोलीवर दुकानातून बाद झालेलं एक मशीन होतं आणि ज्याला हवं त्याने तिथे जाऊन ऐकावं अशी मोकळीक होती. आणि गुणाजी, रामदासांचा गाववाला, गिरणीतला साचेवाला. तो लालबागहून चालत यायचा, काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तबकडी घेऊन. गावी तो दशावतारात काम करायचा आणि बोलतानाही एक भुवई रंग लावल्यासारखी वर ठेवायचा.

त्या वर्षी श्रावणात पद्मजाला ताप आला. तापाचे दहाच दिवस झाले. शेवटच्या आधीच्या दिवशी इस्पितळात मी तिला विचारलं, "या रविवारची ठरवली होतीस का गं?" तिने मान हलवली. ठरवली होती. "कोणती?" ती हसली. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "आधी सांगितलं तर मजा काय?"

शुक्रवारी ती गेली.

नंतर लोक येऊन बसायचे, धीराचं बोलायचे. मी ऐकून घ्यायचो. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट कुसळासारखी रुतून बसली होती. ती कोणती तबकडी लावणार होती? ट्रंकेत बेचाळीस तबकड्या होत्या. एकेक हातात घेऊन मी बघितली. वीस वर्षांच्या संसारात मला एवढंही ओळखता येऊ नये, याची लाज वाटायची. एकही लावण्याचा धीर झाला नाही. ट्रंक बंद केली, मशीनवर झाकण टाकलं, सुयांची वाटी रिकामी केली. मंडळ बंद पडलं.

ही सुयांची वाटी म्हणजे मशीनच्या कोपऱ्यात बसवलेली छोटी पितळी वाटी. तबकडीच्या एका बाजूला एक सुई लागते. ती वाजली की काढून वाटीत टाकायची, पुढच्या बाजूला नवी. सुई दुसऱ्यांदा वापरणं पद्मजाच्या लेखी उष्टं खाण्यासारखं होतं.

त्या शनिवारी दुकानातून घरी येऊन मी झाकण उचललं. वाटीत तीन सुया होत्या.

मी त्या तळहातावर घेतल्या. टोकं झिजलेली, बोथट. मी त्या तशाच मुठीत धरल्या. मग शेजारी गेलो.

कौसल्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "मास्तर, एक सांगू? रागावू नका. दुपारी मधल्या सुट्टीत येऊन लावता, ते फार बरं करता. भिंतीपलीकडे काही वाजलं नाही की मला पोळी लाटताच येत नाही. चार महिने माझ्या पोळ्यांचे नकाशे होत होते."

"नकाशे अजूनही होतात," रामदास आतून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. कोकणचा नकाशा झाला की तुम्हीच आधी उचलता."

मी विचारलं, "रोज वाजतं?"

"परवापासून रोज. म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही होय?" त्या हसल्या. माझा चेहरा पाहून त्यांचं हसू हळूहळू मावळलं. "मास्तर... तुम्हीच लावता ना?"

"मीच," मी म्हटलं. "दुसरं कोण लावणार?"

खोटं का बोललो, सांगता येत नाही. भीती होती, नाही असं नाही. पण तिच्याखाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते कुणाच्या नजरेस पडू नये असं वाटत होतं.

सोमवारी शाळेला निघताना मी एक युक्ती केली. मशीनला चावी देण्याचं हँडल काढून घेतलं आणि दप्तरात टाकलं. हँडलशिवाय मशीन म्हणजे नुसती पेटी. दिवसभर ते लोखंडी हँडल वह्यांच्या गठ्ठ्यात खडखडत होतं. एका सहकाऱ्याने विचारलंसुद्धा, "मास्तर, मोटार घेतलीत की काय?"

संध्याकाळी जिना चढलो तर कौसल्याबाई गॅलरीत उभ्या. "आज चार गाणी! आज तर तुम्ही अगदी रंगात होतात."

वाटीत चार सुया होत्या.

मग मी एक दिवस रजा टाकली आणि खोलीत बसून राहिलो. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. उन्हाची पट्टी भिंतीवरून ट्रंकेवर आली आणि जमिनीवर उतरली. काही झालं नाही. फक्त पलीकडून कौसल्याबाईंनी भिंतीवर लाटणं आपटलं. "आज काय उपास?"

तेव्हा मला कळलं. मी असताना ते व्हायचं नाही. नियमच होता तो. घरच्या माणसालासुद्धा आधी कळता कामा नये.

त्यानंतर मी शाळेला थोडा लवकर निघू लागलो. हँडल मात्र रोज बरोबर नेत असे. माझ्या मनात हिशेब सरळ होता. ही जर ती असेल, तर तिने ठरवलेली तबकडीही यातच कधीतरी वाजत असणार. ती भिंतीपलीकडे वाजते, कौसल्याबाई ऐकतात, जिन्यात दौलत ऐकतो. ऐकत नाही तो फक्त मी. कौसल्याबाईंना आडून आडून विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आपली नेहमीचीच हो." त्यांना ताल कळायचा, नाव राहायचं नाही.

आणि मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, हे रेडिओवर ऐकलं त्या रात्रीपासून गिरगाव पेटलं. त्या आठवड्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. आमच्या गल्लीतून गेलेली सगळीच पोरं परत आली नाहीत. त्याबद्दल मी हलकं बोलणार नाही. कर्फ्यू लागला. दिवसाढवळ्या रस्ता ओस. ट्रामचे रूळ उन्हात नुसते चमकत पडलेले, खिडक्या बंद, जळक्या रबराचा वास कपड्यांत शिरलेला, आणि मधूनच लांबून एखादा बार. मग आणखी शांतता. एवढ्या माणसांची चाळ, पण नळाची तोटी गळली तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायची.

शाळा बंद, त्यामुळे मी घरी. मी घरी, त्यामुळे मशीन मुकं. पाच दिवस असे गेले.

रविवारी कौसल्याबाईंनी दार वाजवलं. "चहाला या. गुणाजी परवापासून अडकलाय आमच्याकडे. लालबागला जायची सोय नाही, त्यामुळे घरात बसून माझ्या डब्यांना दशावतार दाखवतोय. दौलतलाही बोलावलंय. आज रविवार ना..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. तीन वाजायला आले होते.

मशीन मागायची त्यांची हिंमत झाली नाही. मी कोट चढवला, सवयीने हँडल खिशात टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि चार पावलांवरच्या खोलीत गेलो.

खोलीत अंधूक उजेड होता, खिडकी लोटलेली. आल्याच्या चहाचा वास. दौलत कोपऱ्यात पाय दुमडून बसलेला, रामदास खाटेच्या कडेला, गुणाजी उंबऱ्याजवळ. खोली आमची नव्हती, तरी मंडळातल्या नेहमीच्या जागा, कुणी न सांगता घेतलेल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नाही.

"निदान तोंडी तरी सांगा," कौसल्याबाई कप देत म्हणाल्या. "सध्या काय ऐकताय?"

"सध्या?" रामदास म्हणाले. "सध्या आम्ही बंदुका ऐकतोय."

कुणी हसलं नाही. आणि त्या गप्पपणात, भिंतीपलीकडे, माझ्या खोलीत, कुणीतरी ग्रामोफोनला चावी द्यायला लागलं.

तो आवाज तुम्ही ऐकलाय का? घर्र... घर्र... घर्र... एका लयीत, शेवटी शेवटी जड होत जाणारा. सगळे ऐकत होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तर त्यांच्यासमोर बसलेला, हातात कप.

मी दुसरा हात कोटाच्या खिशात घातला. हँडल तिथेच होतं. थंडगार.

"मास्तरानू..." गुणाजी अगदी हळू म्हणाला. "तुमच्या खोलयेत कोण आसा?"

मी हँडल काढून सतरंजीवर ठेवलं. दौलतने ते बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मशीन काय असतं ते त्याला कळत होतं.

"कुलूप आहे," मी म्हटलं. "आतून कुठून वाट नाही. महिनाभर चाललंय. मी नव्हतो लावत, कौसल्याबाई... मी कधीच नव्हतो लावत."

कौसल्याबाईंनी पदर तोंडाशी धरला.

पलीकडे सुई टेकली. खरखर. मग टाळ, मृदंग, आणि एका म्हाताऱ्या बुवाचा खडा आवाज.

गुणाजी एकदम ताठ बसला. "ह्यां माजां भजन! आवो, ही रेकाड माज्या ट्रंकेत आसा... लालबागेत... कुलपात!"

"हळू," रामदास कुजबुजले.

"हळू काय हळू! शेवटच्या रविवारी हीच हाडलेलंय मी." आणली होती खरंच. त्याच्या अंगावर काटा आला होता, तो मला दिसत होता. पण त्याची बोटं मांडीवर चालायला लागली होती. दुसऱ्या कडव्याला त्याने मान डोलवली. तिसऱ्याला तो दबक्या आवाजात बुवाच्या मागून म्हणू लागला.

भजन संपलं. पलीकडे थोडी शांतता. एक बारीक, स्पष्ट आवाज आला. टिंग. सुई वाटीत पडली.

पुन्हा घर्र... घर्र...

दुसरी तबकडी लागली आणि कौसल्याबाईंनी माझ्या दंडाला घट्ट धरलं. त्यांची लाडकी तबकडी. गाणं नव्हतंच ते. नळावर भांडणाऱ्या दोन बायकांचा विनोदी संवाद. "मास्तर... ही फुटली हो... दिवाळीच्या साफसफाईत माझ्याच हातून फुटली. तुकडे मी स्वतः गोळा केले..."

पलीकडे पहिली बाई दुसरीला म्हणत होती, की तुझी घागर भरेस्तोवर माझ्या पोराचं लग्न होऊन जाईल. हा संवाद आम्ही शंभरदा ऐकलेला. तरी कौसल्याबाईंना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी, आणि त्या हसताहेत. मग रामदास हसले. मग दौलत. पाच दिवसांत चाळीत कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. गॅलरीत पावलं वाजली. शेजारपाजारचे लोक दारं किलकिली करून बाहेर येत होते आणि भिंतीला टेकून उभे राहत होते. कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, मास्तरांनी मशीन लावलंय.

तिसरी दौलतची, सिनेमातलं ठेक्याचं गाणं. ते अर्ध्यावर आलं आणि खाली रस्त्यावर बुटांचा आवाज थांबला.

"ओ, दुसरा मजला!"

सगळे गार. खिडकीच्या फटीतून रामदासांनी बघितलं. "पोलीस..." ते म्हणाले.

"कोण लावतंय रेकॉर्ड?"

रामदासांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, खिडकी तरी उघडा की जरा! इकडे अर्धंच ऐकू येतंय. सहा दिवस झाले, माणसाचा आवाज नाही कानावर."

कौसल्याबाईंनी खिडकी सताड उघडली. समोरच्या चाळीतली एक खिडकी उघडली, मग दुसरी. खाली तो शिपाई, साताऱ्याकडचा असावा, काठी काखेत मारून दिव्याच्या खांबाला टेकून उभा होता आणि बुटाने ठेका धरत होता.

गाणं संपलं. टिंग.

मंडळात गुणाजी, कौसल्याबाई, दौलत असा क्रम असायचा, आणि मग पद्मजा; रामदास आणि मी तिच्यानंतर. हे मी कुणाला सांगायची गरज नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते.

पलीकडे चावी द्यायला सुरुवात झाली. या खेपेस सावकाश. मला तो हात ओळखता येत होता. शेवटचे दोन फेरे ती नेहमी जपून द्यायची, स्प्रिंग तुटू नये म्हणून.

मी उभा राहिलो. किल्ली माझ्या हातात कधी आली, आठवत नाही.

"जा, मास्तर," कौसल्याबाई पुटपुटल्या. "जा की... बघा तरी एकदा."

चार पावलं. दार उघडलं की... काय दिसलं असतं? पाठमोरी बसलेली ती, मशीनवर वाकलेली, हिरव्या काठाचं पातळ? मी दारापर्यंत पोचलो. तिथे गुणाजी आडवा आला. त्याचा आवाज एकदम मऊ होता.

"जाव नकात, मास्तरानू. सोंग रंगात इल्यार पडद्यामागे वाकान बघूचा नसता. बघलात तर सोंगही जाता, आणि गाणाही जाता."

तो खरं बोलत होता. मी दार उघडलं तर कदाचित ती दिसली असती, कदाचित रिकामी खोली. पण तबकडी वाजली नसती. सहा महिने मला जे हवं होतं ते भिंतीच्या पलीकडे, सुईच्या टोकाशी होतं. आणि तिचा चेहरा... तोही मला हवा होता. नाही कसं म्हणू?

मी परत आलो आणि माझ्या जागी बसलो. रिकाम्या जागेच्या शेजारी.

सुई टेकली.

ते गाणं मी आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. बाईचा आवाज, कोवळा, पण धीट. गाणं झोक्याचं होतं. दोर आणखी लांब सोडा, मला समुद्र दिसू दे, असं काहीतरी ती मैत्रिणींना सांगत होती. प्रत्येक कडव्याला झोका थोडा वर जायचा, आणि सूरही. सनईसारखं एक वाद्य तिच्या मागे धावत होतं आणि तिला गाठता येत नव्हतं. काय सांगू तुम्हाला! दु:खाचा लवलेश नव्हता त्यात. मला वाटलं होतं, शेवटची तबकडी काहीतरी गंभीर असेल, निरोपाची असेल. आणि ही बाई झोक्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हती.

गॅलरीत कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. समोरच्या चाळीनेही धरला. खाली शिपायाने काठी खांबावर वाजवायला सुरुवात केली. त्या ओस, जळक्या वासाच्या गल्लीत भर दुपारी दोन चाळी टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवत होतो. गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघांत थोडी घुमली आणि उचलली गेली. टिंग.

मग आम्ही पाचजण गेलो. मी कुलूप काढलं. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीची कडी आतून लावलेली. स्प्रिंगच्या गरम तेलाचा वास. मशीनचं झाकण उघडं, आणि थाळी अजून फिरत होती... सावकाश... सावकाश... थांबली. थाळीवर एकच तबकडी. बाकी तिघांच्या कुठेच नव्हत्या. वाटीत चार सुया.

दौलतने खाली वाकून लेबल वाचलं. "ही आमच्या दुकानातली नाही. वहिनींनी बाहेरून कुठून घेतली असणार. पण मास्तर, काय तबकडी आहे!"

"हीच होती," मी म्हटलं. "श्रावणात हीच लावणार होती ती."

मी ती थाळीवरून हलवली नाही. तीन दिवस ती तशीच होती, आणि त्या तीन दिवसांत मी जितका सुखी होतो तितका लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात असेन. कौसल्याबाईंनी गोड शिरा करून आणला. गुणाजी जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतलंय," आणि त्याची भुवई नेहमीपेक्षा वर होती.

बुधवारी कर्फ्यू उठल्यावर दुकानं उघडली. दुपारी दौलत जिना धावत चढून आला. त्याच्या हातात कागदी पाकिटातली एक कोरी तबकडी होती. तो दारातच थांबला.

"मास्तर... कलकत्त्याहून नवीन माल आलाय. आज सकाळी. खिळे मारलेली पेटी मी स्वतः उघडली." त्याने तबकडी पुढे केली. तेच लेबल, तेच झोक्याचं गाणं. "ही या महिन्यात निघाली. मुंबईत आजच्या आधी कुणाकडेच नव्हती. रविवारी नव्हती... आणि श्रावणात तर, मास्तर, ही गायलीच गेली नव्हती."

मी वाकून थाळीवरचं लेबल पुन्हा वाचलं. मग मी हसलो. दौलत घाबरून बघत राहिला. मी तिच्याकडून श्रावणातलं उत्तर मागत होतो. तिने लहानपणीचं नव्हतं सांगितलं, श्रावणातलंही नव्हतं सांगितलं. आपलेच नियम ती कशी मोडेल?

"उलटून बघू का?" दौलतने विचारलं. "मागच्या बाजूला काय आहे?"

थाळीवरची तबकडी त्याने दोन्ही तळहातांत धरून उचलली आणि उजेडात नेली. आम्ही ऐकलेली बाजू काळीभोर, आरशासारखी. मग त्याने ती उलटली आणि अंगठ्याने पुसून पाहिली.

मागची बाजू राखी झाली होती. तबकडी वर्षानुवर्षं वाजली की लोखंडी सुई तिची चमक खाऊन टाकते, तशी. दौलत म्हणाला, "ही हजारो वेळा वाजलीय. एवढी झिजलेली मी दुकानात कधी बघितली नाही." मग त्याने ती डोळ्यांजवळ नेली. सुई टेकवताना कडेला जो ओरखडा उठतो, तो प्रत्येक हाताचा निराळा असतो. परत आलेला माल तपासताना दुकानातली माणसं त्यावरून गिऱ्हाईक ओळखतात, असं त्याने सांगितलं. "हे नुसते ठिपके आहेत ना, सरळ टेकवलेले, ते वहिनींचे. आणि हे दुसरे... आधी आत टेकवून मग बाहेर ओढलेले, बारीक भुवईसारखे. मास्तर, इथे दोन हात आहेत. आलटून पालटून."

मी ट्रंकेतून माझी एक जुनी तबकडी काढली आणि शेजारी धरली. माझ्या तबकड्यांवर सगळीकडे तीच भुवई आहे. माझी ती वाईट खोड. पद्मजा नेहमी बोलायची त्यावरून.

त्या बाजूला मी कधी हात लावलेला नव्हता. अजूनही लावलेला नाही. कधी दुपारी उजेड चांगला असला की खिडकीशी नेऊन फक्त बघतो. कडेच्या बाहेरच्या भुवया नीट, एका झटक्यात काढलेल्या आहेत. आत आत जावं तशा त्या वेड्यावाकड्या होत जातात, तुटक, लांबलेल्या, म्हाताऱ्या माणसाचा हात कापावा तशा. तिचे ठिपके मात्र अगदी शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी आहेत, एकही सुटलेला नाही.

म्हणजे त्या बाजूचं ऐकणं आम्हा दोघांचं अजून व्हायचं आहे. मी आता पन्नाशीचा आहे. हे बघा. माझा हात अजून कापत नाही.